पंडिता रमाबाई व दहा वर्षांची मुदत

आमच्या वाशीम जिल्ह्यातील पुष्कळ खेड्यांत सुगी आटोपली म्हणजे तरणी माणसे कामासाठी पुण्यामुंबईची वाट धरतात, व घरी उरतात ती म्हातारी माणसे आणि अंगावरून नुकतीच सुटलेली पोरे. आजीने नातवंडास सांभाळावे, की नातवंडाने आजीस पाणी द्यावे, हेच कित्येक घरी कळत नाही. अशा घरांसाठी मंडळीने काही सोय करावी, दिवसा मुले एकत्र ठेवावी, वृद्धांस एक वेळचे ऊन अन्न मिळावे, असा विचार अनेक ठिकाणी निघतो. परंतु पैसा कोठून येणार, आणि बाहेरून आलाच तर तो आटल्यावर पुढे काय, या दोन प्रश्नांपाशी बोलणे थांबते. आम्ही स्वतः बाहेरच्या अनुदानावर उघडलेले एक बालगृह पाहिले आहे, व अनुदानाची मुदत सरताच त्याच्या दारास लागलेले कुलूपही पाहिले आहे. म्हणून या अंकी ज्यांच्यापुढे हेच दोन प्रश्न फार मोठ्या रूपाने उभे राहिले होते, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे विद्वान होते, व स्त्रियांनी विद्या शिकू नये हे त्या काळचे मत त्यांस मान्य नसल्यामुळे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले. पुढे आईने रमाबाईंस शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे, व लोक जे देतील त्यावर त्याचा निर्वाह चाले. मग दुष्काळ आला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी दाणा नाही, तेथे पुराणिकास कोण देणार? थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण ही तिघे उपासमारीने खंगून गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास व रमा, शेकडो कोस पायी चालत, कधी रानफळांवर दिवस काढीत, अखेर १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. भुकेने माणूस कसे मरते, हे रमाबाईंनी ग्रंथात वाचले नव्हते. ते त्यांनी आपल्या मातापित्यांच्या उशाशी बसून पाहिले होते. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ येथे आहे.

कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली. आणि १८८२ साली पटकीने पतीचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. तान्ह्या मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, व हंटर कमिशनपुढे स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर होण्याचे शिक्षण मिळावे अशी साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षाच्या सप्टेंबरात वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या, विशेषतः बालविधवेच्या, स्थितीवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले व गावोगाव व्याख्याने दिली. त्यांचे ऐकून डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. एखाद्या धनिकाने मोठी थैली द्यावी व काम व्हावे, असे तेथे झाले नाही. गावोगाव लहान मंडळे निघाली. मंडळाच्या सभासदाने दर वर्षी निदान एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन द्यावयाचे. देणारे हजारो, व प्रत्येकाचे देणे थोडे. शाळामास्तरीण, घरकाम करणारी बाई, यांसही पेलावे असे ते दान होते. पण वचन दहा वर्षांचे. अकराव्या वर्षाचे कोणी बोलले नव्हते.

या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा, जी पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई म्हणून सर्वांस ठाऊक झाली. १८९० साली सदन पुण्यास गेले. देणाऱ्यांशी ठरलेली अट अशी की, येथे कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. आपली प्रार्थना त्या दार उघडे ठेवून करीत, व काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारखे थोर सल्लागार बाजूस झाले, व पंचवीसच्या सुमारास मुली पालकांनी काढून नेल्या. आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून या प्रसंगी सर्व दोष दुसऱ्या पक्षावर लोटणे योग्य होणार नाही. ज्यांनी आपल्या लेकी विश्वासाने धाडिल्या, त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु रमाबाईंची एक गोष्ट खरोखर घेण्यासारखी आहे. त्यांनी काही लपविले नाही. बोस्टनच्या मंडळींनी चौकशी केली, तेव्हा जे होते ते त्यांनी समोर ठेविले, व त्या मंडळींचा विश्वास टिकला. दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हाती आहे, त्याच्या घराचे दार आणि त्याची चोपडी ही दोन्ही उघडी असली पाहिजेत.

आता दहा वर्षांच्या मुदतीकडे वळू. ती संपण्यापूर्वीच रमाबाईंच्या मनात पुढचा विचार सुरू झाला होता. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव आहे. तेथे त्यांनी सुमारे शंभर एकर माळजमीन घेतली, विहिरी खणविल्या, व आंबा, संत्रे, लिंबू अशी फळझाडे लाविली. हेतू असा की, देणगी बंद होईल तेव्हा बाग फळास यावी व तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी. देणगी चालू असतानाच त्यांनी ती बंद होण्याच्या दिवसासाठी झाड लाविले. शेतकरी वाचकांस यातील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु बाग फळावर येण्यापूर्वीच दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात लोक अन्नावाचून मरू लागले. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. आपल्या आईबापांचे मरण त्यांस आठवले असेल, यात नवल नाही. वचनाचा पैसा शारदा सदनाच्या मर्यादित मुलींपुरता होता. या नव्या मुखांसाठी कोणाचेही वचन नव्हते. तरी त्या सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांस शहरात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या माळावर गवताच्या झोपड्या उभारून त्यांची सोय केली. तेच मुक्ती सदन. १८९८ साली दहा वर्षे पुरी झाली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, जुनी समिती विसर्जित होऊन नवी समिती स्थापन झाली, व शारदा सदनाचे साहाय्य पुढे चालले. मुक्तीच्या खर्चास मात्र कोणाची हमी नव्हती. देव देणाऱ्यांच्या मनात घालील ते घ्यावयाचे, हा तेथील नियम झाला.

पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. त्या वेळी आमचे वाशीम हे वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते, व वऱ्हाडानेही तो काळ फार कठीण भोगिला. गुजराथेत तर हाहाकार उडाला. या खेपेस रमाबाईंनी आपल्या मदतनीस स्त्रियांस तिकडे धाडिले. तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या, त्यांतील कित्येकींनी आता नव्याने आलेल्यांस न्हाऊ घातले, भरविले, त्यांच्या लहान मुलांस आईप्रमाणे उराशी धरिले. १९०० च्या अखेरीस मुक्तीत सुमारे १,९०० माणसे झाली.

इतक्यांस एकाच छपराखाली कोंबून ठेविले नाही. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व पंगू स्त्रियांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अशी निरनिराळी घरे झाली. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध स्त्रियांस वाचावयास शिकविले. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुभती जनावरे, शेत, छापखाना, अशी कामे निघाली, व ज्याच्याने जे होईल ते त्याने करावे अशी रीत पडली. देणग्या अमेरिकेतून येत, पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथूनही आल्या. परंतु त्या देणग्या केवळ खाऊन टाकणारे ते घर नव्हते. दान घेणारी मुलगी चार वर्षांनी दुसऱ्यास वाढणारी होई.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतरात घालविली. त्यासाठी इब्री व ग्रीक या भाषांचा त्यांनी अभ्यास केला, व छपाई मुक्तीच्याच स्त्रियांनी केली. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ज्या लेकीच्या हाती सर्व सोपवावयाचे, तीच आधी गेली. तरीही हातातील काम सोडले नाही. ते उरकून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी प्राण सोडिला. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

वाचकहो, आता आपल्या गावाकडे परत येऊ. १९७५ पासून सरकारने अंगणवाड्या चालविल्या आहेत, निराधार वृद्धांसाठी मासिक साहाय्याच्या योजना आहेत. त्यांचा लाभ ज्यास मिळावा त्यास मिळवून देणे, अर्ज लिहून देणे, म्हातारीस तालुक्याला नेऊन आणणे, हे आमच्या उपदेशकांचे व पंचांचे पहिले काम आहे, आणि त्यास पैसा लागत नाही. बाहेरून अनुदान मिळाले तर ते आभाराने घ्यावे. पण ज्या दिवशी घेतले त्याच दिवशी मुदतीची तारीख भिंतीवर लिहावी, व तिच्या पुढील वर्षासाठी काहीतरी पेरावे. ते काय असावे, हे प्रत्येक मंडळीने आपल्या शक्तीप्रमाणे ठरवावे. कोणी दर रविवारी मूठभर तूर किंवा ज्वारी डब्यात टाकील, कोणी मंदिराच्या आवारात चार लिंबे लावील, कोणी आठवड्याचा एक दिवस शेजारच्या मुलांस सांभाळील. जमा व खर्च उपासनेनंतर सर्वांसमोर वाचून दाखवावा. आणि ज्या म्हातारीस आपण जेवू घालतो, तिला धान्य निवडावयास, मुलांस गोष्ट सांगावयास बोलवावे. कारण केवळ घेणारा होऊन बसणे हे कोणत्याही वयात माणसास जड जाते.

सारफथ येथील विधवेच्या मडक्यात मूठभरच पीठ होते, व ते तिने स्वतःसाठी राखून ठेविले असते तर एका जेवणात सरले असते. बोस्टनचा एक डॉलर, केडगावचे एक रोप, आमच्या गावची एक मूठ ज्वारी, यांत आम्हांस काही भेद दिसत नाही. येत्या हंगामात गावची माणसे कामास बाहेर पडण्यापूर्वी, आपल्या मंडळीत मागे कोण कोण राहणार, त्यांची नावे एका कागदावर लिहून काढा. आरंभ तेथून होऊ द्या.