दारुड्याला बेड मिळावा म्हणून केसपेपरवर पोटाचा आजार लिहिणाऱ्या सिस्टर इग्नेशिया

ऑगस्ट १९३९. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन, टायरच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये दारूने पार खचलेला एक माणूस आला. ॲडमिशन बघणाऱ्या ननने त्याच्या कागदावर आजार लिहिला, जठराला तीव्र सूज. आणि बेड दिला.

खोटं का लिहिलं? कारण खरं लिहिलं असतं तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. हे लोक आरडाओरडा करतात, घाण करतात, बिलं बुडवतात, म्हणून हॉस्पिटलं त्यांना घ्यायचीच नाहीत. मग उरायचं लॉकअप, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, फिट येते, भास होतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातोसुद्धा. हा इमर्जन्सीचा पेशंट आहे, हे त्या काळी फार थोड्यांना पटलं होतं.

सिस्टर इग्नेशिया मूळच्या ब्रिजेट गॅव्हिन. जन्म १८८९ चा, आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या खेड्यातला. १८९६ मध्ये घरचे अमेरिकेत आले. १९१४ मध्ये त्या मठात दाखल झाल्या. शिकवायच्या संगीत. पुढे तब्येत इतकी ढासळली की शिकवणं सोडावं लागलं आणि १९२८ मध्ये सेंट थॉमसचं ॲडमिशनचं टेबल वाट्याला आलं. त्या डॉक्टर नव्हत्या. पण बेड कुणाला द्यायचा, एवढं त्यांच्या हातात होतं.

तो पेशंट आणला होता डॉ. बॉब स्मिथ यांनी. हे सर्जन स्वतः पक्के पिणारे. १९३५ मध्ये त्यांची दारू सुटली आणि बिल विल्सन यांच्यासोबत त्यांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं. पेशंटला दारू सोडलेली माणसं भेटायला येणार, म्हणून डॉक्टरांना वेगळी खोली हवी होती. ती नव्हती. शेवटी पेशंटची फुलं लावायच्या खोलीत सिस्टरांनी बेड ढकलला!

पुढे हॉस्पिटलनेही हे मान्य केलं, वेगळा वॉर्ड झाला. साधारण पाच दिवसांचा मुक्काम. शरीराचं डॉक्टर बघायचे, आणि सोबत बसायला दारू सोडलेली माणसं. कॉफी कधीही मिळायची. निघताना सिस्टर एक छोटा धार्मिक बिल्ला द्यायच्या. अट एकच, पुन्हा प्यावंसं वाटलं तर आधी हा परत आणून द्यायचा.

एक नियम मात्र कडक होता. एकदा उपचार घेतलेल्याला सहसा दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. आज हे चुकीचंच वाटतं, कारण पुन्हा घसरणं हा या आजाराचाच भाग आहे.

गावाकडच्या वाचकांना यातली गोम लगेच कळेल. व्यसनमुक्ती केंद्र लांबच्या शहरात, जायचं म्हणजे खर्च, रोजगार बुडणार, वर गावभर चर्चा. पण ताप-खोकल्याला जातो त्याच दवाखान्यात सोय असेल तर माणूस आत शिरतो. सिस्टरांनी नवी इमारत बांधली नव्हती. चालू हॉस्पिटलातच जागा केली होती.

डॉ. बॉब १९५० मध्ये गेले. तोवर दोघांनी मिळून ५,००० च्या आसपास पेशंट बघितले होते, असं सांगतात. १९५२ मध्ये सिस्टरांची बदली क्लीव्हलँडला झाली. तिथल्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी हॉस्पिटलमध्ये त्यांनी रोझरी हॉल हा वॉर्ड उभा केला. या वेळी कागदावर खरा आजार लिहिता येत होता. १ एप्रिल १९६६ ला त्या गेल्या.