विठ्ठल रामजींचा वाटखर्च

भालकीला आमच्या घरी दिवेलागणीच्या वेळी कोणी ना कोणी कागद घेऊन येतेच. आयुष्यभर मास्तरकी केली, तिचे हे उरलेले काम. कोणाला अर्ज लिहून हवा असतो, कोणाला कचेरीतून आलेली कानडी नोटीस मराठीत समजून घ्यायची असते. यंदा मृग निघाला त्याच सुमारास शेजारच्या खेड्यातली एक मुलगी वडिलांना बरोबर घेऊन आली. मातीच्या पोताचा अभ्यास करणारी हुशार पोर. युरोपातल्या एका विद्यापीठाने तिला संशोधनासाठी बोलावले होते. फी माफ, तेथे रुजू झाल्यावर दरमहा विद्यावेतन. गावात पेढे वाटून झाले होते. मग कोणीतरी पत्राचे दुसरे पान वाचले. विमानाचे भाडे, व्हिसा, विमा आणि पहिल्या दोन महिन्यांचे घरभाडे, हे सारे विद्यार्थ्याने आपल्या पदरचे करावे असे त्यात नम्रपणे लिहिले होते.

वडील तुरीचे शेतकरी. एका बँकेने त्यांच्याकडे शेताची पहाणी मागितली, आणि पहाणीवर आधीच सोसायटीच्या कर्जाचा बोजा. महाराष्ट्र सरकार राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिक्षणाला शिष्यवृत्ती देते असे त्यांनी ऐकले होते. पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशाला. आम्ही बोलतो मराठी, जगतो कर्नाटकात. १९५६ साली निजामाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली तेव्हा बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, त्यानंतर असल्या अर्जांच्या रकान्यांत आमची मुले नेहमीच थोडी अडखळतात. ते असो. मास्तर, आता मागायचे तरी कोणाकडे, असे विचारताना त्या गृहस्थांची मान खाली होती. मला जमखंडीच्या विठ्ठल रामजी शिंद्यांची आठवण झाली, आणि त्या रात्री मी त्या दोघांना त्यांचीच गोष्ट सांगत बसलो.

महर्षी शिंदे म्हटले की लोकांना अस्पृश्यतानिवारणाचे कार्य आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या महर्षींना एकेकाळी आगबोटीचे भाडे जमवण्याची विवंचना होती, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मला ती त्यांच्या चरित्रातली फार मोलाची गोष्ट वाटते.

विठ्ठल रामजींचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातला. घर मराठा वारकऱ्याचे, वडील रामजीबाबा पंढरीचे भक्त. गाव कानडी मुलखातले, तेव्हा आमच्यासारखेच दोन्ही भाषांत वाढणे आले. पुढे त्यांनी कानडी आणि मराठी यांच्या नात्यावर लेखन केले, त्याचे मूळ ह्या बालपणात आहे, पोथ्यांत नव्हे. घरची स्थिती ओढगस्तीची. मॅट्रिक झाल्यावर पुण्याच्या फर्गसन कॉलेजात जायचे, तर पैसा हवा. तो दिला गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनने. म्हस्के हे पुण्यातले नामांकित वकील. मराठा समाजातल्या गरीब मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी ही संस्था उभी केली होती. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचीही दरमहा शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे जमखंडीचा हा मुलगा पदवीपर्यंत पोचला तो दोन ओंजळींच्या आधारावर. अशा ओंजळीने पाणी पिणाऱ्याला तहान भागते, पण मान वर करायला वेळ लागतो. शिंदे यांनी ती वर केली, आणि फार लवकर केली.

१८९८ साली ते बी. ए. झाले आणि वकिलीच्या अभ्यासासाठी मुंबईस गेले. मिल आणि स्पेन्सर वाचून डोके आधीच पेटलेले होते. त्यात प्रार्थनासमाजाशी संबंध आला, आणि त्यांनी कायद्याची पुस्तके मिटून ठेवली. घरात बायको रुक्मिणीबाई; बहीण जनाक्का सासरी सुखी नव्हती, तिला शिकवायचे होते. अशा स्थितीत हातातली वकिली सोडून धर्मप्रचारक व्हायचे ठरवणे हा व्यवहारी माणसाच्या दृष्टीने वेडेपणाच. आपला मुलगा असे काही बोलला असता तर आपण काय म्हटले असते, हे ज्याने त्याने आपल्याशीच पाहावे!

आता विलायतेचा मार्ग कसा उघडला ते ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडात युनिटेरियन नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. येशूला देव न मानता एकाच ईश्वराची उपासना करणारे हे लोक. बंगालच्या ब्राह्मसमाजाला आणि मुंबईच्या प्रार्थनासमाजाला ते आपले दूरचे भाऊबंद वाटत. त्यांच्यातले जेबेझ संडरलंड नावाचे धर्मोपदेशक १८९५-९६ च्या सुमारास हिंदुस्थानात फिरून गेले. येथल्या उदार धर्माच्या तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करता यावा, म्हणून ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशनकडून शिष्यवृत्ती मिळू लागली. त्या कॉलेजाचीही एक कथा आहे. ते १७८६ साली मँचेस्टरला निघाले, कारण सरकारी चर्चबाहेरच्या लोकांना ऑक्सफर्डची दारे तेव्हा बंद होती. १८७१ च्या कायद्याने ती पुरती उघडली, आणि १८८९ साली कॉलेज ऑक्सफर्डला आले. जे स्वतः शंभर वर्षे उंबऱ्याबाहेर उभे राहिले होते, त्यांनी जमखंडीच्या मुलासाठी पाट मांडला. हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

प्रार्थनासमाजाने १९०१ साली शिंदे यांची निवड केली. राहण्याची आणि शिक्षणाची सोय शिष्यवृत्तीतून होणार होती. पण मुंबईहून विलायतेस जायचे भाडे? दुसरे पान हे त्या काळीही होतेच, वाचकहो!

आणि शिंदे पुन्हा सयाजीरावांकडे गेले. ह्या जागी मी नेहमी थांबतो. ज्या राजाने कॉलेजात असताना पैसा दिला, त्याच्याकडे वकिली अर्धवट टाकलेल्या माणसाने जायचे, आणि मी आता धर्म शिकायला परदेशी जातो, वाटखर्च द्या म्हणायचे, ह्याला काय लागत असेल? दरबारची शिष्यवृत्ती घेणाऱ्याने शिकून दरबारच्या उपयोगी पडावे ही अपेक्षा तर उघडच असते. सयाजीरावांनी मदत केली. सप्टेंबर १९०१ मध्ये शिंदे बोटीत बसले. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले होते. गरिबाच्या मुलाला शिकायला पैसा लागतो, आणि तो कोणीतरी उभा करायचा असतो, हे त्या काळच्या काही थोड्या राजांना कळले होते एवढे खरे.

सगळ्याच शिष्यवृत्त्या सारख्या सैल नसत. आमच्या निजामाच्या राज्यातून सरोजिनी चट्टोपाध्याय, पुढच्या सरोजिनी नायडू, १८९५ साली निजामाची शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला गेल्या त्या वडिलांच्या लौकिकाच्या छायेत. भीमराव आंबेडकरांच्या वाट्याला मात्र करार आला. १९१३ साली बडोद्याने त्यांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे दिले, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे बांधून घेतले. ती नोकरी टिकली नाही, कारण शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला ते १९२० साली पुन्हा गेले, ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून उसने घेऊन आणि शाहू महाराजांची मदत घेऊन. तीन ठिकाणचे पैसे एका पेटीत. आंबेडकरांसारख्या बुद्धिमंताला जर ही जुळवाजुळव करावी लागली, तर तुरीच्या शेतकऱ्याने कर्जाचा अर्ज करताना मान का घालावी, असे मी त्या वडिलांना म्हटले. ते काही बोलले नाहीत.

येथे माझे थोडे सांगतो. १९७४ साली मलाही एका परदेशी विद्यापीठाचे पत्र आले होते. विषय जुन्या शिलालेखांचा. भाड्याचे पैसे नव्हते. आमच्या तालुक्यात तीन-चार सधन घरे होती, मदत करणारी होती. मी कोणाच्या दारी गेलो नाही. मागणे हीनपणाचे वाटले. त्यात एका कचेरीतला दाखला मुदतीनंतर हाती आला, तेव्हा मला मनातून सुटल्यासारखेच झाले, कारण आता दोष देण्यास दुसरे कोणी सापडले होते. माधुकरी मागून शिकलेल्या वडिलांचा मी मुलगा. त्यांना जे जमले ते मला जमले नाही, आणि त्याला मी बरीच वर्षे स्वाभिमान म्हणत आलो.

ऑक्सफर्डात शिंदे दोन वर्षे होते. जेम्स ड्रमंड तेथे प्राचार्य होते. एस्टलिन कार्पेंटर यांच्यापाशी त्यांनी बौद्ध धर्म आणि पाली यांचा अभ्यास केला. शिक्षणाचा हा भाग झाला. पण सुट्टी लागली की हा मनुष्य वह्या मिटून बाहेर पडे. लंडनच्या गरीब वस्त्यांत युनिटेरियन मंडळींची सेवाकार्ये चालत, ती त्यांनी जाऊन पाहिली. मजुरांच्या मुलांच्या शाळा कशा भरतात, दारूच्या पायी उद्ध्वस्त झालेल्या घरांत कोण जाते आणि काय बोलते, हे पाहिले. रोजनिशी लिहिली, आणि प्रवासातले लेख मुंबईच्या सुबोधपत्रिकेला पाठवले. विलायतेची चमक पाहून दिपलेले पुष्कळ. तिची गटारे पाहून आलेला हा एक. सप्टेंबर १९०३ मध्ये अॅमस्टरडॅमला उदार धर्माच्या मंडळींची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेथे त्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि मग ते मायदेशी आले.

आल्यावर प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. ठरल्याप्रमाणे. परंतु वस्त्या पाहिलेले डोळे आता कोठे स्वस्थ बसणार? १९०५ साली अहमदनगरजवळ भिंगारला महार मंडळींच्या एका रात्रीच्या सभेला ते गेले, आणि तेथून परतताना त्यांचा निश्चय झाला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला मुरारजी वालजींच्या बंगल्यात शाळा उघडून डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू झाले. नारायणराव चंदावरकर अध्यक्ष. सासरी सुख न लाभलेली बहीण जनाक्का ह्या कामात त्यांच्या बरोबरीने राबली. पुढे पुणे, हुबळी, बंगळूर अशा शाखा निघाल्या. कानडी मुलखात हे काम रुजले त्यात जमखंडीच्या कानडीचा वाटा मोठा असला पाहिजे.

मिशनचा पैसा कोठून आला? मागून. शेठजींकडून मागून, संस्थानिकांकडून मागून, सरकारकडून मागून. पुण्याच्या मिशनच्या इमारतीला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी मदत केली आणि तिला अहल्याश्रम हे नाव मिळाले. १९०१ साली स्वतःच्या भाड्यासाठी उघडलेले तोंड आता दुसऱ्यांच्या मुलांसाठी उघडत होते, आणि माझ्या समजुतीने पहिल्या वेळच्या सरावाशिवाय दुसरे झाले नसते.

देणाऱ्यांशी मात्र त्यांचे नेहमी जुळले नाही. ज्या प्रार्थनासमाजाने निवड करून पाठवले, त्याच्या प्रचारकपदाचा त्यांनी १९१० साली मतभेदामुळे राजीनामा दिला. कोणी त्याला कृतघ्नपणा म्हणेल. मी म्हणत नाही. शिक्षणाला पैसा देणारा मनुष्य शिकलेल्याचे उरलेले आयुष्य विकत घेत नसतो. आणि घेणाऱ्याने ऋण फेडायचे ते देणाऱ्याच्याच दारी फेडले पाहिजे असेही नाही. सयाजीरावांना बहुधा हे ठाऊक असावे. पुढे १९२३ च्या सुमारास मिशनही त्यांनी दुसऱ्यांच्या हाती सोपवले, १९३० साली कायदेभंगात तुरुंगात गेले, १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. अखेरच्या काळात आजार आणि पैशाची चणचण दोन्ही होती.

गोष्ट संपली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी मुलगी एकटीच आली. आम्ही तीन पत्रे लिहिली. एक विद्यापीठाला, की पहिल्या दोन महिन्यांचे विद्यावेतन आगाऊ द्यावे. दुसरे टाटांच्या निधीला. जमशेटजींनी १८९२ साली सुरू केलेली ती कर्जाऊ शिष्यवृत्ती, मिळवते झाल्यावर परत फेडायची. तिसरे आमच्याच तालुक्यातल्या एका सधन घराला. १९७४ साली ज्या दारी मी गेलो नव्हतो, त्याच घरच्या नातवाला.

तिसऱ्या पत्रात परतून आल्यावर काय करणार हे लिहावे की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. मला वाटत होते लिहावे. ती म्हणाली, सर, ते आत्ता कसे सांगू? मी ती ओळ खोडली. पत्रे तिने आपल्या फोनवरूनच पाठवली. तिसरे मात्र वडिलांनी कागदावर लिहून मागितले, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले, आणि ते स्वतः नेऊन देतो म्हणाले.