फादर स्टीफन्सचा देश कोणता?

आजचं वाचन : गलतीकरांस पत्र ३:२६-२८



आजच्या वचनात पौल यहूदी आणि हेल्लेणी हा भेदच पुसून टाकतो. वाचायला सोपं आहे. पण तुम्ही नक्की कुठले, असं कुणी तिरकस विचारलं की गळ्यात आवंढा येतो. मी धाराशिवचा. २०२० च्या जानेवारीत आमच्याकडे ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पाद्री मराठीच्या व्यासपीठावर कसा, म्हणून तेव्हा बरीच कुरबुर झाली. मला मात्र त्या वेळी एक वेगळाच पाद्री आठवत होता. तो मराठी तर सोडाच, भारतीयही नव्हता.

थॉमस स्टीफन्स. जन्म साधारण १५४९ चा, इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. पुढे तिथे एलिझाबेथ राणीचं राज्य आलं, आणि कॅथलिक असणं म्हणजे जवळजवळ राजद्रोहच. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि जवळपास तीस वर्षं तुरुंगात राहिला. स्टीफन्स निसटला, रोमला पोहोचला, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला. मायदेशी परत कधीच गेला नाही.

आता गंमत बघा. स्वतःच्या देशात तो संशयित. ज्या राज्यात आला, ते पोर्तुगीजांचं. पुढच्याच वर्षी पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली, म्हणजे इंग्लंडच्या कट्टर वैऱ्याकडे. मग हा माणूस कुणाच्या बाजूचा?

१५८३ मध्ये याचं उत्तर द्यायची वेळ आली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि आणखी दोघे इंग्रज हेर समजून पकडले गेले आणि गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. ही माणसं त्या प्रोटेस्टंट राणीची प्रजा, जिच्या राज्यातून स्टीफन्सला पळावं लागलं होतं. गप्प बसला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्याने त्यांच्यासाठी खटपट केली आणि ते जामिनावर सुटले.

त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवायला स्टीफन्सच गेला. हेही सांगायला हवं की तिथल्या लोकांची देवळं आधी पाडली गेली होती, आणि नंतर त्यांच्या म्होरक्यांना बोलणीसाठी बोलावून ठार केलं गेलं. सत्तेच्या हातात हात घालून श्रद्धा चालली की असं होतं. मला हा भाग वाचताना आजही त्रास होतो, आणि व्हायलाच हवा.

स्टीफन्स साष्टीतच राहिला, जवळपास चाळीस वर्षं. कोकणी शिकला, तिचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. नव्या ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणं सोडावी लागली होती, त्या जागी त्यांना काहीतरी हवं होतं. लॅटिन प्रार्थना त्यांच्या हाती देऊन मोकळं होता आलं असतं. पण स्टीफन्सने मराठी घेतली, आणि छंद घेतला ओवीचा, ज्ञानोबांचा! सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत सगळं त्यात आहे, आणि मराठी भाषेचं कौतुकही, तेही अगदी मनापासून. एका इंग्रजाने पोर्तुगीज राज्यात बसून मराठीची स्तुती करावी! तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, तो गोव्यातच वारला.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. क्रिस्तपुराण तोवर तीनदा छापून झालं होतं; त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. लोकांनी मात्र ते हाताने उतरवून घेतलं, म्हटलं, मुलांना दिलं. कर्नाटकात मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांनीही ते जपलं. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जोसेफ सालदाना यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं.

उद्याचं वाचन : फिलिप्पैकरांस पत्र ३:१७-२१