विश्लेषण : शिष्यांसह कारखाना काढणारे प्रा. गज्जर कोण होते?

उद्योग आणि महाविद्यालये यांच्यातील करारांची आज चर्चा होते. बडोद्यात याची खटपट १८९० मध्येच सुरू झाली होती. ती करणारे त्रिभुवनदास गज्जर १८६३ मध्ये सुरतेत सुतार कुटुंबात जन्मले. रसायनशास्त्रात एमए होऊन ते बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले.

सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन काढले, त्याचे पहिले प्राचार्य गज्जरच. तिथे कापडाची रंगाई-छपाई शिकवली जाई, तीही गुजरातीतून. दादासाहेब फाळकेही इथलेच विद्यार्थी.

पण हात तयार झाले तरी त्यांना काम देणारे कारखाने कुठे होते? खरी अडचण हीच होती.

१८९६ मध्ये गज्जर बडोदा सोडून मुंबईला विल्सन कॉलेजात आले. चाफेकर बंधूंनी डांबर फासलेला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा त्यांनीच स्वच्छ केला. त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते या डांबरामुळे, हे जरा गमतीचेच! त्यांचे मोठे काम मात्र गिरगावातल्या प्रयोगशाळेत चालले. उद्योगांना लागणारे रसायनशास्त्र तरुण तिथे प्रत्यक्ष करून शिकत.

१९०७ मध्ये कोटीभास्कर आणि अमीन या शिष्यांसह त्यांनी बडोद्यात ‘अलेम्बिक’ ही रसायन कंपनी स्थापन केली. गज्जर १९२० मध्ये निवर्तले. अलेम्बिक पुढे देशातील नामवंत औषध कंपनी झाली.