ट्रॉम्बेच्या होमी भाभांचा पहिला नाद : आभाळातून येणारे किरण

चेंबूर, मानखुर्द ओलांडून ट्रॉम्बेकडे गेलं की अणुसंशोधन केंद्राच्या फाटकावर डॉ. होमी भाभांचं नाव दिसतं. अणुभट्टीचे भाभा सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांचं मूळ काम होतं वैश्विक किरणांवर, हे फारसं कुणी सांगत नाही.

30 ऑक्टोबर 1909 ला मुंबईत, पारशी घरात त्यांचा जन्म झाला. पोरगा इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात लागावा म्हणून घरच्यांनी 1927 मध्ये केंब्रिजला धाडलं. इंजिनिअरिंग त्यांनी पहिल्या वर्गात काढलं, पण जीव भौतिकशास्त्रात होता. मग तेच धरलं.

वैश्विक किरण म्हणजे अंतराळातून प्रचंड वेगाने येणारे बारीक कण. त्यातला एक हवेवर आदळला की त्यातून दोन, दोनातून चार असं करत खाली कणांचा सडाच पडतो. हा सडा कसा वाढतो, याचं गणित भाभा आणि हायटलर यांनी 1937 मध्ये मांडलं. जगात नाव झालं.

1939 ला सुट्टीवर घरी आले नि महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद. मग बंगळूरच्या विज्ञान संस्थेत बसून त्यांनी याच किरणांची मोजणी चालू केली. जागाही नामी होती. पृथ्वीभोवती चुंबकत्वाचं कुंपण आहे. ध्रुवाकडे ते उघडं, आपल्याकडे मात्र आडवं आणि घट्ट, त्यामुळे इथवर फक्त दमदार कणच पोचतात. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परत जाता आलं असतं. भाभा गेले नाहीत. 1945 मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, पुढे ट्रॉम्बेचं केंद्र. तिथली अप्सरा अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झाली.

24 जानेवारी 1966 ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर विमान कोसळून भाभा गेले. वय अवघं 56.

किरणांची मोजणी मात्र थांबली नाही. सूर्यावरून चुंबकीय ढग सुटून पृथ्वीवर आदळला की चुंबकीय वादळ होतं. रेडिओ, जीपीएस बिघडतात ते अशाच वेळी. बहुतेकदा हा ढगच वैश्विक किरणांना बाजूला सारतो, म्हणून जमिनीवरची मोजणी घटते. पण 22 जून 2015 ला उलटं झालं. वादळाने कुंपणच ढिलं पडलं आणि साधारण दोन तास किरण जास्त आले. ही वाढ टिपली ती उटीच्या यंत्राने, भाभांनीच उभ्या केलेल्या टाटा संस्थेच्या.