यंत्रयुगाचा कर्णधार

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातील कोलंबिया या गावी २६ नोव्हेंबर १८९४ रोजी नॉर्बर्ट वीनर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील लिओ वीनर हे रशियाच्या साम्राज्यातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले भाषापंडित होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी स्लाव्ह भाषांचे अध्यापन केले. नॉर्बर्टचे लहानपणचे शिक्षण बहुतांशी वडिलांच्याच देखरेखीखाली झाले. लिओ मोठे करारी गृहस्थ होते. मुलाचे एखादे उत्तर चुकले की त्यांचा आवाज चढे आणि पुष्कळदा धडा संपेपर्यंत नॉर्बर्टच्या डोळ्यांत पाणी उभे राही.

नॉर्बर्टची दृष्टी लहानपणापासून अधू होती. आठ वर्षांच्या सुमारास डॉक्टरांनी त्याला सहा महिने वाचन करण्यास मनाई केली. पुस्तकावाचून ज्याला करमत नसे, अशा मुलाला ही मोठीच शिक्षा होती. तथापि अभ्यास थांबला नाही. तो ऐकून शिकू लागला आणि मनातल्या मनात गणिते सोडवू लागला. ही सवय त्याला आयुष्यभर उपयोगी पडली.

अकराव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून तो महाविद्यालयात दाखल झाला, चौदाव्या वर्षी पदवीधर झाला आणि अठराव्या वर्षी त्याने हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. परंतु या यशाला दुःखाची एक किनार होती. आपला मुलगा चारचौघांसारखाच असून आपल्या शिक्षणपद्धतीमुळे तो इतका पुढे गेला, असे लिओ यांनी जाहीरपणे सांगितले आणि ते एका मासिकात छापूनही आले. ते वाचून नॉर्बर्ट फार दुखावला. यश मिळाले तर ते वडिलांचे आणि अपयश आले तर तेवढे आपले, असा याचा अर्थ त्याच्या मनाने घेतला. माणूस म्हणजे दुसऱ्याने घडवलेले व चालवलेले यंत्र नव्हे, ही जाणीव त्याला कोवळ्या वयातच झाली.

इंग्लंडमध्ये बर्ट्रांड रसेल व हार्डी यांच्यापाशी आणि जर्मनीत हिल्बर्ट यांच्यापाशी अध्ययन करून वीनर मायदेशी परतले. सन १९१९ मध्ये केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ते गणित शिकवू लागले आणि पुढची चाळीस वर्षे तेथेच राहिले. ठेंगणा, स्थूल देह, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि तोंडात चिरूट अशी त्यांची मूर्ती संस्थेच्या लांबच लांब ओवऱ्यांतून सतत फिरताना दिसे. वाटेत जो भेटेल त्याच्यापाशी, मग तो प्राध्यापक असो की विद्यार्थी, ते आपल्या नव्या कल्पना बोलून दाखवीत. शेजारून वाहणाऱ्या चार्ल्स नदीच्या लाटा पाहतानाही, या अस्ताव्यस्त हालचालींना गणितात कसे बांधावे याचाच विचार त्यांच्या मनात चाले. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण ज्या वेड्यावाकड्या रीतीने हलतात, त्या हालचालींचे पक्के गणित त्यांनीच प्रथम मांडले.

दुसऱ्या महायुद्धात वीनर यांच्यापुढे एक निराळाच प्रश्न आला. आकाशातून वेगाने जाणारे विमान तोफेने कसे टिपावे? गोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढे निघून जाते. म्हणून नेम विमानावर धरून भागत नाही. ते क्षणभराने जेथे असेल तेथे धरावा लागतो. ज्युलियन बिगेलो या अभियंत्याच्या साहाय्याने वीनर यांनी असा अंदाज बांधणारे यंत्र तयार करण्याचा प्रयत्न केला. ते यंत्र युद्धात वापरले गेले नाही. परंतु त्या खटाटोपातून एक महत्त्वाचा विचार हाती आला.

नाव चालवणारा नावाडी काय करतो? नावेचे तोंड डावीकडे वळले की तो सुकाणू फिरवून ते उजवीकडे आणतो. ते जास्त वळले तर पुन्हा थोडे डावीकडे घेतो. आपल्या कृतीचा परिणाम पाहावयाचा आणि त्यावरून पुढची कृती सुधारावयाची, असा त्याचा क्रम अखंड चालू असतो. परिणामाची वार्ता कर्त्याकडे परत येण्याच्या या क्रियेला प्रत्याभरण असे म्हणतात. पाण्याचा पेला उचलताना आपले डोळे व हात हेच करीत असतात. मेंदूला विशिष्ट इजा झालेल्या रोग्याचा हात पेल्याकडे जाताना दोन्ही बाजूंना झोके खातो. प्रत्याभरण बिघडलेले यंत्रही असेच झोके खाते, हे आर्तुरो रोसेनब्लूएथ या मेक्सिकन शरीरशास्त्रज्ञाशी झालेल्या चर्चेतून वीनर यांच्या ध्यानात आले. प्राणी आणि यंत्र यांच्या नियंत्रणाचे तत्त्व एकच आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

या नव्या शास्त्राला त्यांनी सायबरनेटिक्स हे नाव दिले आणि १९४८ मध्ये त्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ नावेचे सुकाणू धरणारा असा आहे. आपल्या भाषेतील कर्णधार या शब्दाचाही मूळ अर्थ हाच होय. आज सर्वांच्या तोंडी असलेला सायबर हा शब्द वीनर यांच्या त्या नावातूनच निघाला आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. त्या संहाराने वीनर यांचे अंतःकरण हादरून गेले. पुढच्याच वर्षी विमाने बनविणाऱ्या एका कंपनीतील संशोधकाने, युद्धकाळी त्यांनी लिहिलेल्या एका निबंधाची प्रत त्यांच्याकडे मागितली. ती दूरवर जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या कामी हवी होती. वीनर यांच्यापुढे मोठा पेच पडला. ज्ञान मोकळेपणाने सर्वांकडे वाहावे, ते दडवून ठेवल्यास शास्त्राची वाढ खुंटते, असे त्यांचे ठाम मत होते. परंतु आपले ज्ञान निरपराध नागरिकांच्या हत्येस कारण होणार असेल, तर ते देणाऱ्यावरही त्याची जबाबदारी येते, असे त्यांना वाटले. त्यांनी प्रत देण्यास नकार दिला. त्यांचे ते पत्र जानेवारी १९४७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात प्रसिद्ध झाले. त्यांची ही भूमिका सर्वच शास्त्रज्ञांना पटली असे नाही. परंतु लष्कराच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनापासून ते दूरच राहिले.

दुसरी चिंता होती कामगारांची. गणकयंत्र आणि प्रत्याभरण यांची जोड मिळाली म्हणजे कारखाने जवळजवळ माणसांवाचून चालतील आणि असंख्य लोकांचा रोजगार जाईल, हे त्यांनी इतरांच्या फार आधी ओळखले. अशी यंत्रे बसविण्यासाठी एका मोठ्या उद्योगाने त्यांचा सल्ला मागितला, तेव्हा तोही त्यांनी दिला नाही. उलट, १९४९ मध्ये मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून त्यांनी या धोक्याची सूचना दिली. यंत्रांचा लाभ कामगारांनाही कसा मिळेल, याचा विचार वेळीच करावा, असे त्यांनी सुचविले. यंत्र हे शत्रू आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसाकडून यंत्राप्रमाणे एकच एक काम करवून घेणे हाच त्याचा अपमान आहे, असे त्यांनी १९५० साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात समजावून सांगितले.

तेच शास्त्र माणसाच्या उपयोगी पडावे म्हणून ते झटले. बहिऱ्यांना दुसऱ्याचे बोलणे बोटांच्या स्पर्शाने कळावे, असे साधन बनविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. हात गमावलेल्या माणसाच्या स्नायूंतील विजेच्या सूक्ष्म संदेशांवर कृत्रिम हात चालवता येईल, या त्यांच्या कल्पनेला पुढे इतरांनी मूर्त रूप दिले.

भारताशीही वीनर यांचा स्नेह होता. गोव्यात जन्मलेले थोर गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांची व त्यांची मैत्री कोसंबींच्या अमेरिकेतील विद्यार्थिदशेत जुळली. सन १९५५-५६ मध्ये वीनर यांनी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काही महिने काम केले. मुंबईचे गणिती पेसी मसानी यांच्यासह त्यांनी पूर्वानुमानाच्या गणितावर निबंधही लिहिले.

वीनर यांच्या उतारवयात त्यांच्याच संस्थेत संगणकाच्या वेडाने भारलेल्या विद्यार्थ्यांचा एक मेळा जमला होता. त्यांतील काहीजण आधी खेळण्यातील आगगाड्यांच्या मंडळात रमणारे होते. रात्री यंत्र मोकळे मिळे, म्हणून ते रात्र रात्र जागत आणि आपले लिखाण एकमेकांना मुक्तहस्ताने देत. १९६२ मध्ये त्यांनी संगणकाच्या पडद्यावर अवकाशयानांची लढाई खेळवली. खेळणाऱ्याने कळ फिरवताच पडदा तत्काळ उत्तर देई. या मुलांना हॅकर म्हणत. तेव्हा या शब्दाचा अर्थ चोर असा नव्हता. यंत्राचे अंतरंग जाणून घेण्यासाठी झपाटलेला तो हॅकर. हे विद्यार्थी वीनर यांचे शिष्य नव्हते. परंतु ज्ञान मोकळे असावे, ही ओढ दोघांचीही होती. आणि त्या ज्ञानाने काय करावे, हा वीनर यांनी विचारलेला प्रश्न या विद्येत पडणाऱ्या प्रत्येकापुढे उभाच राहिला.

जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते वीनर यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ मार्च १९६४ रोजी, स्वीडनमधील स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी निघालेल्या अखेरच्या पुस्तकात त्यांनी बजावले होते की, यंत्र आपण सांगू तेच करते, आपल्या मनात असेल ते नव्हे. म्हणून सांगण्यापूर्वी आपल्याला खरोखर काय हवे, याचा विचार माणसाने केला पाहिजे. आज खिशात मावणारी यंत्रे आपल्या बोटांच्या स्पर्शावरून आपली आवड ओळखतात आणि त्याप्रमाणे पुढचे चित्र, पुढचा खेळ समोर ठेवतात. वारा व लाटा यांची वार्ता यंत्र नावेवर आणून देईल. परंतु नाव कोणत्या किनाऱ्याला न्यावयाची, हे कर्णधारानेच ठरवावयाचे असते. नॉर्बर्ट वीनर यांनी आयुष्यभर हेच सांगितले आणि प्रसंग आला तेव्हा तसे वागूनही दाखविले.