दगडांत काळ वाचणारा मिशनरी

विदर्भाच्या भूमीत दडलेल्या प्राचीन जीवसृष्टीकडे जगातील अभ्यासकांचे लक्ष वेधणाऱ्यांत रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी आहे. नागपूरकरांना हे नाव महाविद्यालयामुळे परिचित आहे. त्यामागील भूशास्त्रज्ञ मात्र विस्मृतीत गेला.

स्कॉटलंडमधील डन्स येथे ८ सप्टेंबर १८१७ रोजी जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये धर्मप्रसारासाठी भोसल्यांच्या नागपुरात आले. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. गावोगाव हिंडताना त्यांची नजर पायाखालच्या खडकांवर खिळत असे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे काळ्या बेसाल्टखालच्या थरात गोड्या पाण्यातील शंख व वनस्पतींचे जीवाश्म सापडले. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात येथे तळी साचत आणि जीवसृष्टी बहरत असे, याचा तो पुरावा ठरला. दोघांचा शोधनिबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वरोरा तालुक्यातील पिजदुरा येथील जीवाश्मांचीही हिस्लॉप यांनी नोंद केली. हे ठिकाण पुढे डायनासोरची हाडे व अश्मीभूत विष्ठा यांसाठी विख्यात झाले. पाऊलठसा प्राण्याची चाल सांगतो, तशी विष्ठा त्याचा आहार सांगते. पिजदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हते, हा समज मोडीत निघाला.

गोंडांची भाषा व परंपरा यांचेही हिस्लॉप यांनी टिपण केले. गुहेत कोंडलेल्या गोंडांना मुक्त करणाऱ्या लिंगोचे दीर्घ गीत त्यांनी परधान गायकाकडून मिळवले. मात्र हे काम पुस्तकरूपात पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून बुटीबोरीकडे घोड्यावरून परतताना, पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला अवघे चार दिवस उरले होते.

अपुरी राहिलेली टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. अन्यथा लिंगोगीताची ही नोंद ओढ्याच्या पाण्याबरोबरच हरवली असती. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेशी ही कथा जोडली जाते. तेथे माघ पौर्णिमेला गोंड भाविकांची यात्रा भरते. नागपुरात १८८३ मध्ये स्थापन झालेले हिस्लॉप महाविद्यालय या मिशनऱ्याची स्मृती जपून आहे.